आल्प्स कोणत्या खडकाचे? मॅटरहॉर्नपासून ग्रिम्झेलच्या स्फटिकांपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडचा दौरा आहे. टिटलिस, युंगफ्राउयोख आणि झरमॅट ठरलेलं, मधले दोन-तीन दिवस मोकळे. आल्प्स नेमके कोणत्या खडकाचे आहेत? सह्याद्रीसारखे लाव्हाचे थर तिथे दिसतात का? आणि दुकानांत मांडलेले ते धुरकट स्फटिक डोंगरात कसे तयार होतात, आपल्याला सापडतील का?

लाव्हाचं उत्तर आधी: नाही. सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे एकावर एक पसरलेले, जवळजवळ आडवे थर. तिथे खालचा थर जुना आणि वरचा नवा असं धरून चालतं. आल्प्समध्ये ही सवय पहिल्याच दिवशी सोडून द्यावी लागते. तिथे २५ कोटी वर्षांहून जुना खडक ५ कोटी वर्षांच्या खडकावर बसलेला सापडतो, समुद्राचा तळ ३,००० मीटर उंचीवर असतो, आणि एकाच शिखराचा पाया व माथा दोन वेगळ्या भूपट्टांचे निघतात. आल्प्स टकरीतून झाले. ज्वालामुखींचा त्यात वाटा फार थोडा.

म्हणून 'कोणता खडक' याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. टक्केवारी काढून यादी दिली तरी ती उपयोगाची नाही. त्यापेक्षा कुठल्याही दगडासमोर उभं राहून तीन गोष्टी तपासा. हा मुळात कोणाचा: उत्तरेकडच्या युरोपचा, मधल्या समुद्राचा, की दक्षिणेकडच्या ॲड्रिया भूपट्टाचा? तो किती खोल जाऊन वर आला? आणि वर येताना त्याच्या भेगांतून कसलं पाणी फिरलं? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं खनिजं देतात आणि त्यातली बरीचशी साध्या डोळ्यांनी दिसतात.

कालक्रम एवढा लक्षात ठेवला की पुरे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी युरोपच्या कवचात ग्रॅनाइट घुसले, आजचा ग्रिम्झेलचा ग्रॅनाइट त्यातलाच. त्यानंतर ट्रायासिक काळात उथळ, खारट समुद्र होता. त्यात डोलोमाइट (चुनखडकासारखाच, पण मॅग्नेशियम असलेला खडक), जिप्सम आणि मीठ साचलं. साधारण १६.५ कोटी वर्षांपूर्वी कवच फाटून युरोप आणि ॲड्रिया यांच्यामध्ये खोल समुद्र उघडला. पुढे तो मिटत गेला, त्याचा तळ ॲड्रियाखाली ओढला गेला आणि सुमारे ३.५ कोटी वर्षांपूर्वी युरोपची कडाच ॲड्रियाखाली अडकली. तेव्हापासून हा सगळा ढीग वर येतो आहे. ब्रिग आणि खूर या शहरांच्या आसपास तो आजही वर्षाला एक ते दीड मिलिमीटर उचलला जातो.

सोबत काय न्यायचं? दहा पटींचं भिंग, स्टीलचा चाकू (चेक-इन सामानात), एक छोटं चुंबक आणि बिनग्लेजच्या पांढऱ्या टाइलचा तुकडा. चुनखडक तपासायला भूवैज्ञानिक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते विमानात नेता येत नाही, म्हणून तिथल्या दुकानातून पांढरा व्हिनेगर घ्या. फेस बारीक येतो, पण दगड चाकूने खरवडून त्या पुडीवर थेंब टाकला आणि भिंगातून पाहिलं तर बुडबुडे नक्की दिसतात. चाकूची कठिणता साधारण साडेपाच. कॅल्साइट (३) आणि फ्लोराइट (४) त्याने सहज ओरखडतात, फेल्डस्पार (६) ओरखडत नाही आणि गारगोटीवर (७) चाकूचंच पोलाद घासून करडी रेघ उमटते. नवखे लोक त्या रेघेला ओरखडा समजतात. बोट ओलं करून पुसा. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हे.

टिटलिस मुख्यतः चुनखडकाचा आहे, जुरासिक काळाच्या शेवटच्या भागातला. बाहेरून फिका करडा, फोडला की आत निळसर काळा, कारण बाहेरच्या पापुद्र्यातला सेंद्रिय कार्बन हवेने निघून गेलेला असतो. इथे व्हिनेगर वापरून हात बसवून घ्या. आयगरची प्रसिद्ध उत्तर भिंतही चुनखडकाचीच. युंगफ्राउची रेल्वे (बांधकाम १८९६ ते १९१२) याच चुनखडकात शिरते आणि सात किलोमीटरच्या बोगद्यात पुढे नाईसमध्ये जाते. नाईस म्हणजे ग्रॅनाइट किंवा गाळाचा खडक दाबाखाली पट्ट्यापट्ट्यांचा झालेला. युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर उतरलात की तुम्ही जुन्या युरोपच्या पायाच्या खडकावर उभे असता, आणि तो पाया त्याच्याच पांघरुणाच्या, म्हणजे चुनखडकाच्या, वर चढलेला आहे. लाउटरब्रुनेनच्या बाजूने युंगफ्राउ पाहताना खालचे फिके कडे आणि वरचा काळसर, खडबडीत भाग यांतली सीमा स्वच्छ दिवशी नजरेला येते.

मोकळ्या दिवसांपैकी एक ग्लारुससाठी ठेवा, असा माझा आग्रह आहे. पर्यटकांच्या यादीत हे ठिकाण नसतं, पण आल्प्स कसे रचले गेले हे सांगणारी याच्याइतकी स्पष्ट जागा दुसरी मला ठाऊक नाही. झ्युरिकहून रेल्वेने श्वांडेनला जा. गावाबाहेर थोडं चाललं की लोखझाइटे नावाची उघडी दरड आहे. वरचा खडक व्हेरुकानो: लालसर-हिरवट, गोट्यांनी भरलेला, २५ ते ३० कोटी वर्षांचा. खालचा फ्लिश, म्हणजे वाळू आणि चिखलाचे काळे पातळ थर, ३.५ ते ५ कोटी वर्षांचे. मध्ये फिक्या, पिळवटलेल्या चुनखडकाचा पट्टा आहे आणि त्या पट्ट्याच्या आत सुरीने मारल्यासारखी एक सरळ खाच जाते. तिच्यात बोटाचं टोक घालून पाहा. वरचा सगळा डोंगर या पातळीवरून ३५ किलोमीटरहून जास्त उत्तरेकडे सरकला आहे. हे घडलं तेव्हा ही पातळी कित्येक किलोमीटर खोल होती आणि तापमान ३०० अंशांच्या आसपास. त्या उष्णतेला चुनखडक तुटत नाही, मळलेल्या कणकेसारखा वाहतो. वरचा खडक सरकला तो या वंगणावरून.

एकोणिसाव्या शतकात आर्नोल्ड एशर आणि पुढे आल्बर्ट हाइम या स्विस भूवैज्ञानिकांनी या उलट्या क्रमाचा अर्थ 'समोरासमोरच्या दोन घड्या' असा लावला होता. १८८४ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बर्त्रां यांनी ती एकच मोठी सरक आहे असं मांडलं. हाइम यांनी ते मान्य करायला नवं शतक उजाडलं. २००८ पासून हा सगळा भाग जागतिक वारसा यादीत आहे. एल्म गावातून वर पाहिलं की चिंगेलहॉर्न शिखरांच्या ओळीत तीच रेषा कित्येक किलोमीटर आडवी गेलेली दिसते, आणि तिच्याखाली मार्टिन्सलोख नावाचं आरपार भोक आहे. मार्च आणि सप्टेंबरअखेर काही दिवस त्यातून येणारं ऊन एल्मच्या चर्चवर पडतं. तुमच्या तारखा जुळत असतील तर आधी गावाच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.

आता झरमॅट. मॅटरहॉर्नचा माथा आफ्रिकेचा आहे, हे वाक्य तिथे तुम्हाला हमखास ऐकू येईल. अगदीच चुकीचं नाही, पण नीट सांगायचं तर तो ॲड्रियाचा आहे. ॲड्रिया एकेकाळी आफ्रिकेच्या उत्तर टोकाला जोडलेला होता, पुढे सुटा झाला. ४,४७८ मीटरच्या या शिखरात साधारण हॉर्नली हट या गिर्यारोहकांच्या निवाऱ्याच्या (३,२६० मीटर) उंचीच्या आसपासपासून वर आरोला नाईस आहे, म्हणजे ॲड्रियाच्या कवचातले जुने ग्रॅनाइट, दाबाने पट्टेदार झालेले. माथ्याकडे वालपेलिने मालिकेतले आणखी जुन्या, जास्त तापलेल्या गाळाचे नाईस. या सगळ्याच्या खाली मिटलेल्या समुद्राचा गाळ आणि लाव्हा: चुनामिश्रित शिस्ट (दाबाने पातळ पापुद्र्यांचा झालेला खडक) आणि हिरवे खडक. आणि त्याच्याही खाली, झरमॅट गावाच्या आजूबाजूला, त्याच समुद्राचा खूप खोल जाऊन आलेला तळ. म्हणजे शिखर एका खंडाचं, पायथा समुद्राचा, आणि दरीच्या पूर्वेकडचा मॉन्टे रोझा युरोपच्या बाजूच्या कवचाचा.

हा समुद्रतळ हातात घ्यायचा असेल तर गोर्नरग्राटच्या रेल्वेने रोटेनबोडेन स्टेशनला (२,८१५ मीटर) उतरा आणि रिफेलसे तळ्याकडे चालू लागा. तळ्यावरचं रिफेलहॉर्न हे टेकाड सर्पेंटिनाइटचं आहे. हा खडक गडद हिरवा ते काळा, तुळतुळीत, हिमनदीने घासून आरशासारखा केलेला. चुंबक लावा. बऱ्याच ठिकाणी ओढ जाणवते. त्याचं कारण असं: हा मुळात समुद्राखालच्या प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा, पेरिडोटाइट खडक, ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाने भरलेला. त्यात समुद्राचं पाणी मुरलं, ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन झालं आणि ऑलिव्हिनमधल्या लोहाला सर्पेंटाइनमध्ये पुरेशी जागा नसल्याने ते बाहेर पडून मॅग्नेटाइटचे बारीक कण झाले. पाणी शिरल्यामुळे घनता ३.३ वरून २.६ च्या आसपास आली, म्हणजे खडक फुगला. म्हणूनच त्यात इतके चकचकीत घसरपृष्ठ दिसतात: फुगताना आणि नंतर दबताना तो स्वतःवरच सरकत राहिला.

इथे एक खबरदारी. सर्पेंटिनाइटच्या भेगांत रेशमी, तंतुमय, पांढरट-हिरवा पट्टा दिसला तर तो क्रिसोटाइल असू शकतो, म्हणजे ॲस्बेस्टॉस. तो हाताने चोळू नका, फोडू नका आणि खिशात घालून हॉटेलच्या खोलीत तर मुळीच नेऊ नका. नुसतं पाहायला काही धोका नाही, धोका आहे तो धूळ करण्यात.

सर्पेंटिनाइटपेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो एक्लोजाइट. हा पाहणाऱ्याला पटकन ओळखू येतो: हिरव्या जमिनीवर लाल ठिपके. लाल म्हणजे गार्नेट, आपला तामडा, आणि हिरवं म्हणजे ओम्फासाइट नावाचं पायरॉक्सीन. हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागतो. ग्रॅनाइटची घनता २.६५ ते २.७, एक्लोजाइटची ३.४ ते ३.५. झरमॅट आणि शेजारच्या झास दरीतल्या हिमनदीने आणून टाकलेल्या ढिगाऱ्यांत याचे धोंडे मिळतात. रासायनिकदृष्ट्या हा बेसॉल्टच आहे. आपल्या घाटातला काळा पाषाण ७०-८० किलोमीटर खोल नेऊन साडेपाचशे-सहाशे अंशांवर ठेवला तर त्याचंही हेच होईल. बेसॉल्टमधला फेल्डस्पार त्या दाबाला टिकत नाही. त्यातला सोडियमचा भाग ओम्फासाइटमध्ये जातो आणि कॅल्शियम-ॲल्युमिनियमचा बराचसा भाग गार्नेटमध्ये. म्हणून एक्लोजाइटमध्ये पांढरा फेल्डस्पार मूळचा नसतोच. दिसलाच तर तो वर येताना नंतर झालेला.

वर येतानाचा हा प्रवास भिंगाखाली वाचता येतो. गार्नेटच्या दाण्याभोवती हिरवी मऊ कड दिसली तर ती क्लोराइट या अभ्रकासारख्या खनिजाची: दाब उतरला, पाणी शिरलं, गार्नेट कडेपासून मोडू लागला. काळपट निळ्या, लांबट सुया दिसल्या तर ग्लॉकोफेन. तोही खोल आणि थंड जागेची खूण. एकाच धोंड्यात गाभा लाल-हिरवा, मधली पट्टी निळी आणि बाहेरची साल फिकट हिरवी असेल तर अख्खी चढण तुमच्या हातात आहे.

किती खोल, याचा सगळ्यात पक्का पुरावा मात्र साध्या डोळ्यांना दिसत नाही. १९८४ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक क्रिस्तियां शोपँ यांनी इटलीच्या पश्चिम आल्प्समधल्या डोरा मायरा भागातल्या गुलाबी गार्नेटच्या आत कोएसाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. कोएसाइट म्हणजे गारगोटीचंच, SiO₂ चंच, पण दाट बांधणीचं रूप. ते तयार व्हायला ९० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल दाब लागतो. गार्नेटने कुपीसारखं आवळून धरलं म्हणून ते टिकलं, आणि दाब कमी झाल्यावर त्यातलं काही गारगोटीत बदलून फुगलं तेव्हा भोवतीच्या गार्नेटला ताऱ्यासारखे तडे गेले. भूखंडाचं हलकं कवच इतकं खोल जाऊन परत येऊ शकतं, हे त्याआधी बहुतेकांना अशक्य वाटत होतं. पुढे मॅटरहॉर्नच्या दक्षिणेला, इटलीतल्या चिन्याना तळ्याजवळ समुद्रतळाच्या खडकातही कोएसाइट मिळालं.

आता तुमचे धुरकट स्फटिक. यासाठी ग्रिम्झेल खिंड (२,१६४ मीटर) किंवा गोशेनेन, फुर्का हा परिसर. इथला ग्रॅनाइट ओळखायला सोपा: साधारण तिसरा हिस्सा करडी, काचेसारखी गार (म्हणजे गारगोटी), निम्म्याहून अधिक पांढरा-हिरवट फेल्डस्पार, उरलेलं बहुतेक काळं अभ्रक. आल्प्सच्या टकरीत हा खडक सुमारे ४०० ते ४५० अंशांपर्यंत तापला. वितळला नाही, पण दाबाने पट्टेदार झाला आणि ताणला गेला. ताणताना त्याला पट्ट्यांना आडव्या भेगा पडल्या आणि त्या भेगांत आजूबाजूच्या खडकातलं गरम, खारट पाणी जमा झालं. हे पाणी भेगेच्या भिंतीतली गार विरघळवतं आणि तापमान-दाब उतरत जातो तशी तीच गार भेगेच्या पोकळीत स्फटिक म्हणून साचते. हे सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे लाखो वर्षं सावकाश चाललं, म्हणून स्फटिक एवढे मोठे.

महाराष्ट्रात वाघोलीच्या, नाशिकच्या, जळगावच्या खाणींतले झिओलाइट खनिजांचे स्फटिक पाहिले असतील तर फरक चटकन कळेल. आपली पोकळी म्हणजे लाव्हातल्या वायूचा बुडबुडा, गोलसर आणि थरात विखुरलेली. आल्प्समधली भेग म्हणजे खडकाची चीर, चपटी आणि विशिष्ट दिशेची. गंमत अशी की आल्प्सच्या भेगेतलं पाणी शेवटी थंड झालं तेव्हा तिथेही स्टिलबाइट, स्कोलेसाइट, शॅबाझाइट हीच आपल्या ओळखीची मंडळी सगळ्यात वर बसली.

भेगेत काय मिळेल ते भिंतीच्या खडकावर ठरतं. ग्रॅनाइटमध्ये धुरकट गार, दुधी पांढरा ॲड्युलारिया (फेल्डस्पारचाच प्रकार), गुलाबी अष्टफलकी फ्लोराइट, ॲपेटाइट आणि या सगळ्यावर हिरवी क्लोराइटची वाळू. अभ्रकी शिस्टमध्ये टायटॅनियमची खनिजं: रुटाइलच्या सोनेरी सुया, ॲनाटेज, ब्रूकाइट, शिवाय हेमाटाइटच्या पाकळ्यांची 'लोखंडी गुलाबं'. ॲम्फिबोलाइट या गडद, काळपट हिरव्या खडकात एपिडोट आणि टायटॅनाइट. ऑस्ट्रियातल्या क्नाप्पेनवांडचा काळसर हिरवा एपिडोट १८६५ पासून जगभरच्या संग्रहालयांत गेला, तो याच जातीच्या भेगेतला. ओळखताना नेहमी होणारी चूक म्हणजे ॲड्युलारियाला कॅल्साइट म्हणणं. चाकू लावा: कॅल्साइट ओरखडतो आणि व्हिनेगरला फेसतो, ॲड्युलारिया दोन्हीला दाद देत नाही. दुसरी चूक हेमाटाइट आणि मॅग्नेटाइटमधली. टाइलवर रेघ ओढा: हेमाटाइटची विटकरी लाल, मॅग्नेटाइटची काळी.

धुरकट रंग कशाचा? गारेत सिलिकॉनच्या जागी कुठेकुठे ॲल्युमिनियम बसलेला असतो. ग्रॅनाइटमधल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाने त्या जागचा एक इलेक्ट्रॉन हलतो आणि ती जागा प्रकाश शोषू लागते. स्फटिक काही शे अंश तापवला तर रंग निघून जातो. म्हणजे रंग स्फटिक वाढल्यानंतर, खडक पुरेसा थंड झाल्यावर चढलेला आहे. दुकानात घेताना हे उपयोगी पडतं. डांबरासारखा एकसारखा काळाकुट्ट आणि बुडाशी एकदम पांढरा असा गुच्छ असेल तर तो बहुधा यंत्राने किरणं देऊन काळा केलेला असतो. आल्प्सचा खरा धुरकट स्फटिक उजेडात धरला की तपकिरी, चहासारखा दिसतो आणि रंग कडेपर्यंत हळूहळू बदलतो. पावतीवर नुसतं 'आल्प्स' पुरत नाही. दरीचं किंवा डोंगराचं नाव विचारा. सांगता आलं नाही तर माल बहुधा ब्राझीलचा.

हे स्फटिक काढणाऱ्यांना तिथे 'श्ट्रालर' म्हणतात आणि त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते कड्यावर आधी पांढऱ्या गारेचा पट्टा शोधतात, पट्ट्यांना आडवा गेलेला. त्याच्या कडेचा ग्रॅनाइट फिकट आणि सच्छिद्र झालेला असेल तर भिंतीतली गार विरघळून कुठेतरी गेली आहे, म्हणजे जवळ पोकळी असण्याची शक्यता वाढते. त्याखालून हिरवी क्लोराइटची वाळू गळत असेल तर जवळजवळ खात्रीच. तोंड मोकळं करायला चपट्या टोकाची लांब पहार, आतली वाळू ओढायला वाकवलेल्या तारेचे आकडे, आणि मग बराचसा हात. बिघडतं ते तीन ठिकाणी. भेगेच्या छतावर हातोडा मारला की हादऱ्याने आतले स्फटिक मुळाशी तुटतात. भेगेत बर्फ असेल आणि घाईने कढत पाणी ओतलं तर स्फटिकाला आतून तडे जातात, म्हणून कोमट पाणी आणि धीर. आणि थंड भेगेतून काढलेला स्फटिक थेट उन्हात ठेवला तरी तो तडकू शकतो. त्याला कागदात गुंडाळून सावलीत हळूहळू बाहेरच्या उष्णतेला येऊ देतात.

पर्यटकाने हे करावं का? कड्यावर चढून, नाही. दुपारी बर्फ वितळला की वरून दगड सुटतात, आणि नियमही कडक आहेत. ते कँटननुसार (तिथल्या राज्यानुसार), काही ठिकाणी गावानुसार बदलतात. उरी कँटनमध्ये परवाना लागतो, ग्राउब्युंडेनमध्ये तो गावाकडून मिळतो. कुणी खूण म्हणून हत्यार ठेवून गेलेल्या भेगेला दुसरा हात लावत नाही. त्यापेक्षा ग्रिम्झेलजवळ गेर्स्टेनेगची भेग पाहा. १९७४ मध्ये वीज प्रकल्पाचा बोगदा खणताना ती सापडली आणि जशीच्या तशी जपली. उन्हाळ्यात वीज कंपनीच्या मार्गदर्शित फेरीतून काचेमागे स्फटिकांनी भरलेली अख्खी पोकळी दिसते. फेरीच्या तारखा आधी बघून ठेवा. बर्नच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात १८६८ मध्ये टीफेन हिमनदीजवळ सापडलेले काळे महास्फटिक आणि प्लांगेनश्टॉकचा २००५ चा साठा आहे. त्यातला सगळ्यात लांब स्फटिक मीटरभराहून मोठा आहे. एखाद्या स्फटिकात मधून पांढरा दोरा गेलेला दिसला तर थांबा. त्याला दोऱ्याची गार म्हणतात. भेग थोडी उघडली, स्फटिक तुटला, पुन्हा भरून आला, पुन्हा तुटला, अशा शेकडो वेळांचे व्रण म्हणजे तो दोरा.

एक थर अजून राहिला: ट्रायासिकचा. जाडीने कमी, पण आल्प्समध्ये सगळ्यात जास्त त्रास देणारा. डोलोमाइट, जिप्सम आणि अँहायड्राइट (पाणी नसलेलं जिप्सम) हे मऊ, त्यामुळे डोंगराच्या मोठमोठ्या सरकी याच थरावरून झाल्या. झ्युरिकहून लुगानोला जाताना रेल्वे ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड तळबोगद्यातून जाते. २०१६ मध्ये तो सुरू झाला. माथ्यावर २,३०० मीटर खडक आणि आत ४५ अंशांचा दगड असूनही अभियंत्यांची झोप उडवली ती ग्रॅनाइटने नव्हे. झेड्रुन गावाखाली चुरडलेल्या खडकात बोगद्याची भिंत अर्ध्या मीटरहून जास्त आत येणार असं धरून तो मुद्दाम मोठा खणला आणि एकमेकांवर सरकणाऱ्या पोलादी कमानी लावल्या. त्याच्या दक्षिणेला पियोरा पट्टा, याच ट्रायासिक डोलोमाइटचा. वरून घेतलेल्या शोधबोगद्यात १९९० च्या दशकात साखरेसारखा भुसभुशीत डोलोमाइट दाबाच्या पाण्यासकट बाहेर आला. बोगदा त्याच थरातून न्यायचा होता. तिरपे, खोल छिद्र पाडून पाहिल्यावर कळलं की खऱ्या बोगद्याच्या पातळीला तोच खडक कोरडा आणि टणक आहे. वरच्या भागात पाण्याने दाण्यांमधलं अँहायड्राइट विरघळवून नेलं होतं, खाली पाणी पोहोचलंच नव्हतं. २००८ मध्ये बोगदा त्यातून सुखरूप पार झाला. अँहायड्राइटला पाणी लागलं की त्याचं जिप्सम होतं आणि आकारमान सुमारे ६० टक्के वाढतं. म्हणून अशा खडकात पाण्याचा एक चुकीचा झराही अस्तर फोडू शकतो.

तोच साखरी पांढरा डोलोमाइट बिन दरीत मात्र सुंदर होऊन भेटतो. ब्रिगच्या पूर्वेला फेल्ड गावावरच्या लेंगेनबाख खाणीत शिसं, आर्सेनिक आणि थॅलियम यांच्या दुर्मिळ खनिजांसह १५० हून अधिक खनिजं नोंदलेली आहेत, त्यातली कित्येक जगात सर्वप्रथम इथेच सापडली. बहुतेक मिलिमीटरहून लहान, करड्या धातूसारख्या सुया. त्या भिंगाखाली बघायच्या. पण दोन तुम्ही बिनभिंगाचे ओळखाल: शेंदरी लाल मनशीळ आणि पिवळाधमक हरताळ (दोन्ही आर्सेनिकची विषारी खनिजं), पांढऱ्या डोलोमाइटवर. खाणीजवळच्या ढिगाऱ्यात पाहुण्यांना शोधू देतात. लहान हातोडा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. दगड हाताळून झाल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवा, मुलं बरोबर असतील तर जास्तच काळजी घ्या. आणि मनशिळेचा तुकडा मिळाला तर लगेच बंद डबीत ठेवा. उजेडात तिचा लाल रंग काही आठवड्यांत विटून पिवळी भुकटी पडू लागते, आणि डबी नंतर बंद केली तरी ती भुकटी परत लाल होत नाही.